डुकरांची गाडी आणि सिडनीच्या आत्याबाई

मी एक जुनी, एका चाकाची ढकलगाडी आहे. मित्रांनो, 'जुनी' असं मी स्वतः म्हणते ते चालतं. दुसऱ्या कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आमच्या नुकुलेआ बेटावर मोटार नाही, ट्रॅक्टर नाही. एक घोडा होता, तो म्हातारा होऊन मेला. तेव्हापासून जे जे जड आहे ते मीच वाहते. तरी मला नाव म्हणून कुणी दिलं नाही. नावं मात्र सगळे ठेवतात. कुरकुरी, गंजकी, डुकरांची गाडी!

माझा जन्म न्यूझीलंडमधल्या एका कारखान्यात झाला. पत्रा दाबून माझं पोट केलं, त्याला हिरवा रंग दिला आणि पुढे हवेचं चाक बसवलं. इकडे आमच्या टोंगा देशात मोठं चक्रीवादळ झालं त्या वर्षी सिमेंटच्या पोत्यांबरोबर आम्ही बाराजणी मदत म्हणून जहाजात चढलो. अकराजणी मोठ्या बेटावर उतरवून घेतल्या. मी पोत्यांच्या तळाशी होते, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही, आणि जहाजाच्या शेवटच्या थांब्यावर, म्हणजे इथे, निघाले. सुरुवातच बघा कशी झाली ती.

पण कामात मी कधी कसूर केली नाही. वादळात पडलेलं चर्च पुन्हा उभं राहिलं, त्यातली वाळू मी वाहिली. पाण्याच्या टाकीचे दगड मी वाहिले. पाय मोडलेले, ताप चढलेले, अडलेल्या बाया, सगळ्यांना दवाखान्यात मीच पोचवलं. मी ज्याच्या दारी असते त्या सामिउची बायको वेणा सुरू झाल्यावर माझ्यात बसली, आणि दवाखाना दिसायला लागला तेवढ्यात लाटाइ जन्मली. दवाखान्यात नव्हे, माझ्या पोटात! तीच लाटाइ आज आमच्या बेटाची नर्स आहे. आता नात्याने मी तिची कोण लागते, हे तुम्हीच ठरवा.

सातव्या वर्षी माझे दांडे कुजले. तेव्हा बेटाच्या दक्षिण टोकाला एकटाच राहणाऱ्या फेकिटोआने सुरूचं लाकूड तासून नवे दांडे बसवले. चाकातली हवा गेली तर त्याने आत नारळाचा काथ्या ठासून भरला. दर शनिवारी तो माझ्या आसाला खोबरेल घालायचा आणि माझ्याशी बोलायचा. त्याच्या बदल्यात मी रोज गावातलं उष्टंखरकटं त्याच्या डुकरांकडे न्यायची. म्हणून मी डुकरांची गाडी. आणि तो? तोही गावाच्या लेखी डुकरांचा म्हाताराच.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच अडलं. आमच्याकडे बापाची बहीण म्हणजे घरातला शेवटचा शब्द. आत्याच्या आधी कुणी घास घ्यायचा नाही, तिच्या डोक्याला हात लावायचा नाही, तिला नाही म्हणायचं नाही. भाऊ मग सख्खा असो की चुलत, त्याने बहीण ज्या खोलीत आहे तिथे पाऊलसुद्धा टाकायचं नाही. आत्याचा मान तिच्या मुलांकडेही जातो. मामाच्या घरात आत्याचा मुलगा सगळ्यांच्या वर. हे चांगलंच आहे. माझा राग रिवाजावर नाही. रिवाज सोयीपुरता लक्षात ठेवणाऱ्यांवर आहे.

तर सामिउची थोरली बहीण टोकिलुपे एकतीस वर्षांनी सिडनीहून यायची होती. तिचा पासपोर्ट आता तिकडचा. जन्म इथला, पण आली ती परदेशी पाहुणी म्हणून. सामिउने घर रंगवलं, अंगणात पांढरी वाळू पसरली, आणि मग त्याची नजर माझ्यावर गेली. "ताईला हे ध्यान दिसायला नको," म्हणाला. आणि मला घरामागे, त्याच्या डुकरांच्या कुंपणापलीकडे, नीरफणसाच्या झाडाखाली उलटी टाकून वर झावळ्या घातल्या. लाटाइ ज्यात जन्मली त्या मला! मित्रांनो, एवढा संताप आला की काय सांगू. पण चाकाला तोंड नसतं.

पाहुणचाराच्या आदल्या दिवशी फेकिटोआ उष्टं न्यायला आला तेव्हा त्याने सामिउला बजावलं होतं. दक्षिणेच्या खडकातला मोठा मासा घेऊ नको. वादळाने तो खडक फुटला तेव्हापासून तिथले लहान मासे खावेत, मोठ्यांत विष साचतं. घेतलासच, तर आधी मांजराला घाल आणि एक रात्र थांब. सामिउ "हो दादा, हो दादा" म्हणाला, आणि पहाटे त्याच खडकावरून हातभर रुंद गोब्रा मासा मारून घेऊन आला. ताईला लहान मासा कसा वाढायचा? लोक काय म्हणतील? आणि मांजराचं म्हणाल, तर आत्याच्या आधी जिथे माणसाने घास घ्यायचा नाही, तिथे मांजराला कोण देणार?

टोकिलुपे आत्याबाई दुपारी पानावर बसल्या. अंगाने भरभक्कम, आवाज खणखणीत, हातात पंखा. गोब्र्याचं डोकं आणि कलेजी मानाची म्हणून त्यांच्या पुढ्यात ठेवली. ती त्यांनी चवीने खाल्ली आणि उरलेला मासा संध्याकाळसाठी झाकून ठेवायला सांगितला. बाकीच्यांनी डुक्कर, कोनफळ, लहान मासे खाल्ले. म्हणून बाकीचे सगळे ठणठणीत राहिले.

दिवेलागणीला आत्याबाईंचे ओठ बधिर झाले. मग उलट्या, जुलाब. लाटाइने गार पाण्याचा पेला हातात दिला, तो त्यांनी भाजल्यासारखा टाकून दिला. सकाळपर्यंत पायांतलं बळ गेलं आणि नाडी मिनिटाला अडतीसवर आली. दवाखान्यात होती नव्हती ती सगळी औषधं लाटाइने घरी आणून दिली, सलाईन लावलं. मोठ्या बेटावरच्या डॉक्टरने फोनवर सांगितलं की बाईंना इस्पितळात आणा, होडी पाठवतो. होडी एक वाजता उत्तरेच्या धक्क्याला लागणार होती. तिथल्या खडकांमधल्या फटीतून अडीचपर्यंत बाहेर पडता येतं. त्यानंतर ओहोटी लागली की पुढची भरती मध्यरात्रीनंतर, आणि त्या फटीत अंधारात कुणी होडी घालत नाही. तोवर ही नाडी टिकेल का, हे डॉक्टरने सांगितलं नाही आणि लाटाइने विचारलंही नाही.

धक्का दोन मैलांवर, वाट सगळी वाळूची. गावातले पुरुष सगळे आत्याबाईंचे सख्खे नाहीतर चुलत भाऊ किंवा भाचे, त्यांनी अंगाला हात लावायची सोय नाही. बायकांनी चटईत घालून उचलून पाहिलं. अंगणापर्यंत पोचल्या आणि धापा टाकत खाली ठेवलं. राहिलं कोण? मी. मला ना भाऊ, ना बहीण, ना मान, ना अपमान. लाटाइ आत्यापुढे मान खाली घालून हळूच म्हणाली की गाडी आहे, धुऊन आणते.

"कुठली गाडी?" आत्याबाईंनी विचारलं. कुठली ते कळल्यावर त्या पडल्या जागेवरून म्हणाल्या, "डुकरांच्या गाडीत बसून मी गावातून जाऊ? मेले तरी जाणार नाही. माझा प्रवासाचा विमा आहे. त्यांना फोन लाव. हेलिकॉप्टर येईल."

नर्स म्हणून लाटाइने पन्नास जणांना दटावलंय. पण इथे ती भाची होती, आणि भाचीने आत्याला नाही म्हणायचं नसतं. तिने फोन लावला. फोनला आवाज मिळतो तो नीरफणसाच्या झाडाखालीच, म्हणून मी सगळं ऐकलं. आधी बराच वेळ नुसतं संगीत वाजलं. मग एक गोड आवाजाची मुलगी बोलायला लागली. पेशंटची जन्मतारीख काय, पूर्वी हृदयाचा आजार होता का, मासा कोणत्या हॉटेलात खाल्ला. लाटाइ एकेक उत्तर देत होती आणि सावलीवरून वेळ बघत होती. मग त्या मुलीने विचारलं, "पेशंटला आणणाऱ्या रुग्णवाहिकेचा नोंदणी क्रमांक सांगता का?"

लाटाइने झावळ्यांकडे, म्हणजे माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "तिला नंबर नाही."

"मग ती जागा रिकामी ठेवते," मुलगी म्हणाली. शेवटी कळलं ते असं. आमच्या देशात तसं हेलिकॉप्टरच नाही. बाहेरून विमान मागवता येईल, पण मंजुरी मिळाल्यावर, उद्या किंवा परवा. आणि मंजुरीला पेशंट स्वतः तपासलेल्या डॉक्टरची लेखी चिठ्ठी लागते. इस्पितळात न्यायला डॉक्टरची चिठ्ठी पाहिजे, आणि चिठ्ठीसाठी आधी इस्पितळात जायला पाहिजे! आजाऱ्याची नाडी बुडत चाललीय, आणि तिकडे रिकामी जागा ठेवताहेत. त्या विमेवाल्यांना एक दिवस आमच्या वाळूत आणून माझे दांडे धरायला लावले पाहिजेत.

लाटाइने आत जाऊन सांगितलं. आत्याबाई म्हणाल्या, "पुन्हा लाव." पाद्रीबाबा आले, प्रार्थना केली, नम्रपणे सुचवून पाहिलं. आत्याबाईंनी तितक्याच नम्रपणे नकार दिला. सामिउ कुंपणाबाहेर उभा राहून हात चोळत होता. बहिणीच्या खोलीत जायचं नाही, जाऊन बोलायचं नाही. रात्रीपासून तो जेवला नव्हता. आपण मारलेल्या माशानेच हे झालं, हे त्याला कळून चुकलं होतं. तेवढ्यात धक्क्यावरून निरोप आला की होडी लागलीय.

लाटाइ मागे आली आणि झावळ्या बाजूला करून माझ्या उलट्या पोटावर बसली. रडायला लागली. मी तिला जन्मल्या क्षणापासून ओळखते, ती उगाच रडणारी नव्हे. अशा वेळी फेकिटोआ रोजच्यासारखा बादली घेऊन उष्टं न्यायला आला. काय झालं म्हणून विचारलं. तिने सांगितलं. गार पाण्याने हात भाजला, हे ऐकताच त्याने बादली खाली ठेवली; माशाच्या विषाची ती खूण त्याला माहीत होती. "गोब्रा?" त्याने विचारलं. तिने मान हलवली. म्हातारा सामिउच्या नावाने काय काय बोलला ते मी इथे सांगत नाही, तुम्ही लहान आहात.

मग त्याने मला सरळ केलं. समुद्राच्या पाण्याने धुतलं, पोट झावळीने घासलं. पाहुणीचं घर म्हणून आमच्या रीतीने मानाची चटई कमरेला गुंडाळून आला होता, ती केवड्याच्या पानांची चटई सोडून माझ्यात अंथरली. ती त्याची एकुलती एक चांगली चटई, त्याच्या आईने विणलेली. मला ढकलत त्याने घराच्या पुढच्या दारी आणलं, दाराकडे पाठ केली आणि समुद्राकडे तोंड करून उभा राहिला.

"टोकिलुपे," तो म्हणाला, "मी फेकिटोआ. तुझ्या आत्याचा मुलगा."

मान न वळवता त्याने पुढे सांगितलं.

"माझी आई असती तर तिने सांगितलं असतं आणि तू ऐकलं असतंस. ती नाही, म्हणून मी सांगतो. ऊठ आणि गाडीत बस."

बघा मित्रांनो! सगळ्या गावाला आत्याबाईंचा मान तोंडपाठ होता. पण आत्याबाईंनाही एक आत्या होती, तिचा मुलगा अजून जिवंत आहे, तो या घरात सगळ्यांच्या वर आहे, हे एकाच्याही ध्यानात नव्हतं. का? तर तो डुकरं पाळतो, एकटा राहतो आणि गंजकी गाडी ढकलतो. मयताच्या वेळी त्याला पुढे बसवायचं आणि एरवी "हो दादा" म्हणून वाटेला लावायचं. माशाबद्दल त्याचं ऐकलं असतं तर गाडीचा प्रश्नच आला नसता.

"ती डुकरांचीच गाडी का?" आतून क्षीण आवाज आला.

"हो. डुकरांचीच."

मग आत्याबाई म्हणाल्या, "बरं, दादा."

बायकांनी धरून त्यांना माझ्यात बसवलं, मागे उशी दिली. लाटाइने माझे दांडे धरले, एक बाई सलाईनची बाटली उंच धरून चालली. सामिउ खूप पुढे, मागे वळून न पाहता, वाटेतली मुळं आणि नारळ बाजूला करत पळत होता. फेकिटोआ खूप मागे, गुडघा धरून लंगडत. "डावीकडे ओढते ती, उजवा दांडा दाब," असं तो मागून लाटाइला ओरडून सांगत होता. माझ्या पोटाला आधीच एक चीर होती. आत्याबाईंच्या वजनाने ती वाढत गेली, ते मला कळत होतं. दुसऱ्या मैलाला वाळू मऊ लागली आणि आस कडकडला. मी मनात म्हटलं, बाई, मोडायचं तर धक्क्यावर मोड, इथे नाही. आणि मी धरून राहिले. हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. कुणीच सांगत नाही म्हणून सांगते.

होडी इंजिन चालू ठेवून उभी होती. पाणी उतरायला लागलं होतं. होडीवाल्यांनी चटईसकट आत्याबाईंना उचलून होडीत घातलं, लाटाइ बरोबर चढली. फटीतून जाताना होडीचा तळ खडकाला घासल्याचा आवाज इथपर्यंत आला, मग ती बाहेर पडली.

आत्याबाई वाचल्या. अकरा दिवस इस्पितळात होत्या, मग तिथूनच सिडनीला गेल्या. इथे सगळ्यांनी देवाचे आभार मानले, डॉक्टरचे मानले, होडीवाल्याचे मानले. मी त्या दिवशी धक्क्यावर सुरूच्या झाडाखाली आस मोडून पडले होते. लोक डोळे पुसत, हात हलवत घरी गेले. मी तिथेच.

आणि तिथेच राहिले, मित्रांनो, चौदा महिने! माझ्यात पावसाचं पाणी साचलं, डास झाले. होडीची वाट बघणारे लोक शहाळं पिऊन करवंट्या माझ्यात टाकायचे. लाटाइ दोनदा म्हणाली की गाडी घरी न्यायला हवी. नुसती म्हणाली. फेकिटोआचा गुडघा त्या दिवसापासून कायमचा गेला होता, तो दोन मैल येऊ शकत नव्हता. मधल्या काळात सिडनीहून आत्याबाईंनी गावाला भेट पाठवली. चकचकीत चाकांची खुर्ची! पहिल्याच दिवशी ती वाळूत आसापर्यंत रुतली. तेव्हापासून ती दवाखान्यात विणलेला रुमाल पांघरून बसलीय. तिला पुसायला मात्र रोज कुणीतरी असतं.

पुढच्या वर्षी आत्याबाई पुन्हा आल्या. गाव धक्क्यावर लोटलं होतं. पानाफुलांनी सजवलेली ती खुर्ची चौघांनी उचलून आणली होती. आत्याबाई होडीतून स्वतःच्या पायांनी उतरल्या, खुर्चीकडे बघितलं आणि विचारलं, "माझी गाडी कुठे आहे?"

मित्रांनो, माझी गाडी, असं म्हणाल्या त्या. आजवर मला तसं कुणी म्हटलं नव्हतं.

चौघे खुर्ची पुढे सरकवायला लागले. शेवटी त्यांनाच सुरूखाली करवंट्यांचा ढीग दिसला. त्या आल्या, एक करवंटी उचलली, खाली मला पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की सामिउने मान खाली घातली. "दादाला आणा," त्या म्हणाल्या. "ही नीट होईपर्यंत मी इथून हलणार नाही." आणि भर उन्हात पेटीवर बसून राहिल्या. आत्याला नाही कोण म्हणणार? आत्याबाईंच्या दोन भाच्यांनी फेकिटोआला पाठुंगळी बसवून आणलं. सामिउने स्वतः माझ्यातली घाण उपसली. फेकिटोआने सुरूच्या फांदीचा नवा आस तासला, चिरेवर पत्रा ठोकला. तीन तास लागले. स्वागताची भाषणं तशीच राहिली, भट्टीतलं कोनफळ करपलं. मला फार बरं वाटलं.

मी उभी राहिले तेव्हा आत्याबाईंनी पेटी उघडली. आणलेला सगळ्यात भारी कापडाचा तागा आणि नवी चटई काढून माझ्यात ठेवली. मग पाठमोऱ्या म्हाताऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे आधी दादाच्या घरी. आणि दादाही गाडीतच बसेल. ढकलायची सामिउने." सामिउने दांडे उचलले. डावीकडे ओढते ती, असं फेकिटोआ त्याला दोन मैल सांगत राहिला.

मित्रांनो, तुमच्याही घरामागे माझ्यासारखी कुणीतरी उलटी पडलेली असेल. पाहुणे यायचे म्हणून तिला झाकू नका. शनिवारी आसाला दोन थेंब तेल घाला, पावसाचं पाणी साचू देऊ नका, काम झालं की घरी आणा. आणि मोठा मासा गळाला लागलाच, तर ताटात वाढायच्या आधी म्हाताऱ्याला विचारा.